उपकरण, परिग्रह आणि पहिले स्कीइंग

जैन आचारशास्त्र वस्तूंची वर्गवारी किमतीवरून करत नाही आणि संख्येवरूनही करत नाही. जिच्यावाचून व्रत निभावत नाही ती वस्तू उपकरण. जिच्यात जीव अडकतो ती परिग्रह. दिगंबर मुनीजवळ तीनच उपकरणे असतात: संयमासाठी मोरपिसांची पिच्छी, शुद्धीसाठी कमंडलू आणि ज्ञानासाठी शास्त्र. कोल्हापूर जिल्ह्यात हे समजण्यासाठी पोथी उघडावी लागत नाही. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या गावांतून मुनिसंघांचा विहार होतो, चातुर्मास होतात, आणि एवढ्याशा सामानावर माणूस आयुष्य काढतो हे शाळकरी पोरालाही दिसते. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा नव्याने उभी करणारे आचार्य शांतिसागर (1872–1955) याच टापूतले, कर्नाटक सीमेपलीकडच्या भोज गावचे. 1920 साली यरनाळ येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली.

त्याच गावांतून आणि कोल्हापूर शहरातून हिवाळ्यात काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडच्या सहली निघतात. गुलमर्ग, सोलंग किंवा औली येथे पहिल्यांदा स्कीवर उभे राहायचे ठरले की घरात सामानाची यादी सुरू होते: जॅकेट, थर्मल, मोजे, हातमोजे, गॉगल, हेल्मेट, बूट, खुद्द स्की. यादी लांबू लागली की जुनाच प्रश्न नव्या कपड्यांत समोर येतो. यातले उपकरण कोणते आणि परिग्रह कोणता? मुनीसाठी उत्तर ठरलेले आहे. श्रावकासाठी, म्हणजे घरदार असलेल्या माणसासाठी, ते प्रत्येक वेळी नव्याने काढावे लागते.

त्याच्याही आधीचा प्रश्न, जावेच का, हा टाळता येत नाही. जैन जीवविचारात पाणी हे एकेंद्रिय जीवांचे शरीर आहे. दव, बर्फ, धुके, गारा हे सगळे अप्कायिकांत, म्हणजे पाणी हेच शरीर असलेल्या जीवांत, मोडते. स्कीची कड ज्यावरून घासत जाते तो या विचाराने निर्जीव पृष्ठभाग नाही. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात प्रमादचर्येखाली, म्हणजे बेफिकीर वागण्याखाली, जी कृत्ये सांगितली आहेत त्यांत पाण्याची विनाकारण हिंसा येते आणि निष्कारण भटकणेही येते. दिग्व्रत घेतलेल्या श्रावकाची अडचण आणखी सरळ आहे. त्याने दिशांची मर्यादा घालून घेतलेली असते आणि ती वर, खाली किंवा आडवी ओलांडणे हा अतिचार, म्हणजे व्रताला लागणारा दोष, ठरतो. वरच्या मर्यादेचे उदाहरण म्हणून पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त डोंगर चढणेच दिले आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर, गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर, आणि तिथल्या गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या अंगावर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेतो. मर्यादा घातलेल्या माणसाचा विषय घरीच मिटतो. इतरांसाठी अहिंसाणुव्रत त्रस, म्हणजे हलत्याचालत्या, जीवांच्या हेतुपूर्वक केलेल्या, संकल्पी हिंसेपुरते आहे. पाण्यासारख्या स्थावर जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, ती विनाकारण करू नये एवढीच अपेक्षा असते. खेळ हे कारण मानायचे का? कर्मठ श्रावक नाही म्हणेल, आणि त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच असेल. पुढचे विवेचन जायचे ठरवून बसलेल्यांसाठी आहे.

उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची व्याख्या वस्तूवर न बसवता मूर्च्छेवर बसवली आहे. मूर्च्छा म्हणजे ‘हे माझे’ ही चिकटलेली भावना. पुढच्या परंपरेने बाह्य परिग्रहाचे 10 आणि अंतरंग परिग्रहाचे 14 प्रकार मोजले. बाह्य यादीत शेत, घर, सोनेनाणे, धान्य यांच्याबरोबर कुप्य, म्हणजे कापडचोपड, येते. अंतरंग यादीत मिथ्यात्व, क्रोध, मान, माया, लोभ आणि हास्य, रती, भय इत्यादी नऊ नोकषाय, म्हणजे दुय्यम विकार, येतात. स्कीच्या खरेदीत यांपैकी लोभाचा वाटा लोक समजतात तेवढा नसतो. पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा लोभी नसतो, घाबरलेला असतो. कोल्हापुरात जानेवारीतल्या पहाटे पारा 14-15 अंशांवर आला तरी रंकाळा तलावावर फिरायला येणारे कानटोप्या घालतात. उणे तापमान त्यांना फक्त बातम्यांतून माहीत असते. मग दोन जॅकेटे, चार थर्मल, मोज्यांची थप्पी. ही यादी थंडी मोजून केलेली नसते, धास्ती मोजून केलेली असते. गरजेपेक्षा जास्त उपभोगवस्तू जमवणे हा अनर्थदंडव्रताचा, म्हणजे निष्कारण पापकृत्ये टाळण्याच्या व्रताचा, अतिचार म्हणून तत्त्वार्थसूत्राने नोंदवला आहे.

पण गरज किती, हेच पहिल्या खेपेला कळत नाही. अपरिग्रहाचा नेहमीचा उपदेश इथे अपुरा पडतो. लागेल तेवढेच घ्यावे हे खरे, पण किती लागेल हे न गेलेल्याने कसे ठरवावे? उत्तर ‘प्रवचनसारा’त सापडते. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापन करत असताना 1935 साली प्रसिद्ध केली. त्यात आचार्य कुंदकुंद मुनीची उपकरणे सांगताना जन्मजात रूपाबरोबर गुरूचे वचन, विनय आणि सूत्राचे अध्ययन यांचीही गणना उपकरणांतच करतात. जाणत्याचा शब्द हे उपकरण आहे, शोभेची वस्तू नाही. हा विचार बर्फावर नेला तर सामानाच्या यादीत पहिले नाव प्रशिक्षकाचे येते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी शिकवणाऱ्याच्या शुल्काला राखून ठेवावेत. भारी जॅकेट घालून एकट्याने उतारावर उभ्या राहिलेल्या नवशिक्याला जॅकेट थांबवायला येत नाही.

वस्त्रांच्या बाबतीत परंपरेत एक अनपेक्षित मदत मिळते. वट्टकेरांच्या ‘मूलाचारा’त पिच्छीचे पाच गुण दिले आहेत: ती धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ असते, सुकुमार असते आणि हलकी असते. मुनीच्या तीन वस्तूंपैकी एकीचे हे वर्णन म्हणजे उपकरण कसे निवडावे याचा नमुना आहे. पाचांपैकी कोणताही गुण दिसण्याचा नाही, प्रत्येक कामाचा आहे. स्कीच्या कपड्यांनाही हीच कसोटी लावावी लागते आणि त्यात घाम न धरणे सगळ्यांत मोलाचे ठरते. बर्फात माणूस थंडीने गारठतो ते बहुधा आतून ओला झाल्यावर. नवशिका पडतो, उठतो, स्की खांद्यावर घेऊन चढ चढतो; दहा मिनिटांत अंग घामेजते. नंतर रांगेत उभा राहिला की तोच घाम अंगातली ऊब काढून घेतो.

म्हणून अंगालगतचा थर सुती नसावा. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि या जिल्ह्याचे पोट सुतावर भरत आले. त्यामुळे सुती बनियन आणि जीन्स बर्फावर निकामी ठरतात हे इथे पटवून देणे जरा जड जाते. सूत ओलावा शोषते आणि धरून ठेवते. उन्हाळ्यात हाच त्याचा गुण, बर्फात हाच दोष. अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा बारीक लोकरीचा चिकटून बसणारा थर, त्यावर ऊब धरणारी फ्लीस, आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारे जॅकेट आणि पँट. असे तीन थर पुरतात. श्वेतांबर परंपरेच्या ‘आचारांगसूत्रा’त तीन वस्त्रे बाळगणाऱ्या साधूचा उल्लेख येतो, हिवाळा सरला की जीर्ण वस्त्रे टाकत दोनावर, एकावर यावे, असे तिथे सांगितले आहे. तिथला हेतू वैराग्याचा आणि उतारावरचा हेतू घाम टाळण्याचा. तरी थर चढवण्याइतकेच ते वेळेवर उतरवणे महत्त्वाचे, हा व्यवहार दोन्हीकडे सारखा आहे. एकच जाडजूड कोट घेणाऱ्याला ही सोय राहत नाही.

मोज्यांच्या बाबतीत भय सर्वांत जास्त फसवते. दोन-तीन मोजे चढवले की पाय बुटात आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय अधिकच गार पडतात. गुडघ्यापर्यंत येणारा, बारीक, सुती नसलेला एकच मोजा घालावा आणि थर्मलची कड बुटात कोंबू नये. इथे कमी घेणे हे त्यागाचे लक्षण नाही, निव्वळ शहाणपण आहे.

बूट हा या सगळ्यातला कळीचा भाग. गुलमर्गच्या वाटेवरच्या टांगमर्गला पर्यटकांना भाड्याने मिळणारे गमबूट बर्फात चालण्यासाठी असतात, त्यांवर स्की बसत नाही. स्कीचा बूट बाहेरून टणक कवचाचा आणि आतून मऊ अस्तराचा असतो, आणि त्याचे माप नेहमीच्या चपलेच्या नंबरात न देता पावलाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये देतात. तो घालून ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की अंगठा किंचित मागे यावा आणि टाच जागची हलू नये. अस्तर काढून रिकाम्या कवचात पाय घातला आणि बोटे पुढे टेकवली, तर टाचेमागे बोट-दीड बोट जागा राहावी. हे सगळे दुकानातच पाच मिनिटांत तपासता येते, पण घाई असते आणि घट्ट बूट टोचतो, म्हणून नवशिका एक माप मोठे घेतो. मग सैल पाय सावरायला बकले आवळतो, नडगी काळीनिळी पडते आणि दुपारपर्यंत पाय बधिर होतो. जो बूट दुकानात गुबगुबीत वाटतो तो उतारावर ऐकत नाही.

हे सगळे विकत घ्यावे का? समंतभद्रांनी भोगोपभोगाची मर्यादा दोन प्रकारे सांगितली आहे: ठरावीक काळापुरती ती नियम, जन्मभराची ती यम. भोग एकदाच वापरून संपतो, अन्नासारखा. उपभोग पुन्हा पुन्हा वापरता येतो, वस्त्रासारखा. पहिल्या सहलीचे सामान काळाच्या मर्यादेत बसणारे असते, म्हणून स्की, काठ्या आणि बूट भाड्याने घेणे नियमाच्या कल्पनेला जवळचे. व्यवहारही तेच सांगतो. बूट अडकवण्याच्या बाइंडिंगसकट स्कीची जोडी पाच-सहा किलोंची, बुटांची तीन-चार किलोंची, आणि देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा साधारण 15 किलो. नवशिक्यासाठी स्कीची लांबी हनुवटीपासून नाकापर्यंत असली की वळणे सोपे जाते. हात थोडा बसला की माप बदलते, आणि विकत घेतलेली पहिली जोडी माळ्यावर जाते. अंगाला लागणारे मात्र स्वतःचे असावे: थर्मल, मोजे, हातमोजे, मान झाकणारे फडके. बाहेरचे जॅकेट नातलगाकडून मागून आणले तरी चालते.

भाड्याच्या दुकानात अंतरंग परिग्रहांपैकी मान, म्हणजे अहंकार, हा कषाय अगदी उघडा पडतो. स्की आणि बूट यांना जोडणारे बाइंडिंग पडताना सुटावे यासाठी त्याचा ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करणाऱ्याचा वकूब यांवरून लावतात. वकुबाच्या तीन पायऱ्या असतात आणि पहिली सावध नवशिक्याची. बायकोपोरांसमोर, मित्रांसमोर ‘पहिल्यांदाच आलोय’ म्हणणे काहींना जड जाते. वजनही पाच किलोंनी इकडेतिकडे सांगितले जाते. ताण जास्त लागला तर पडताना स्की सुटत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. कमी लागला तर ती भलत्या क्षणी निसटते. जी चूक रंगीबेरंगी जॅकेटात पाहिली जाते ती बहुधा तिथे नसते. ती वकूब आणि वजन यांबद्दलच्या खोट्या बोलण्यात असते.

अपरिग्रहाच्या नावाने उलट बाजूची चूकही होते. हेल्मेट कशाला, दोनच दिवसांसाठी गॉगल कशाला, असे म्हणून काटकसर केली जाते आणि तिला साधेपणाचे नाव मिळते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादावर उभी आहे: बेसावध मन-वचन-कायेने प्राणांचा घात होणे म्हणजे हिंसा. बाइंडिंग न तपासता उतारावर निघालेला माणूस स्वतःला तर पाडतोच, खाली उभ्या असलेल्या मुलालाही पाडतो. या अर्थाने हेल्मेट आणि नीट बसवलेले बाइंडिंग संयमाच्या उपकरणांशी नाते सांगतात. गॉगलचेही तसेच. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, दर हजार मीटरला साधारण 10 टक्क्यांनी, आणि ताजे बर्फ त्यांतली 80 टक्क्यांपर्यंत परत फेकते. ढगाळ दिवशीही डोळे भाजतात. कपड्यांतल्या काटकसरीलाही हेच लागू. शीतपरीषह, म्हणजे थंडी समभावाने सोसणे, हा मुनींच्या 22 परीषहांपैकी एक आहे. तो मुनीसाठी आहे आणि स्वेच्छेने स्वीकारलेला आहे. हौसेखातर बर्फावर गेलेल्या गृहस्थाने अपुऱ्या कपड्यांत कुडकुडणे हे तप ठरत नाही.

कपडा कशाचा, हा अहिंसेच्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग. हलक्या, उबदार म्हणून विकल्या जाणाऱ्या डाउन जॅकेटात बदकाची किंवा हंसाची मऊ पिसे भरलेली असतात. ती मुख्यतः मांसाच्या धंद्यातून येतात. काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची पिसे उपटल्याचेही उघड झाले आहे. पिच्छीतही पिसेच असतात, पण ती मोराने आपोआप टाकलेली. आक्षेप पिसावर नाही, ते मिळवण्याच्या रीतीवर आहे. शास्त्राने हिंसा स्वतः करणे, करवणे आणि तिला अनुमोदन देणे यांना एकाच माळेत ओवले असल्याने, मी पक्षी मारला नाही ही पळवाट विकत घेणाऱ्याला मिळत नाही. भाड्याच्या किंवा मागून आणलेल्या डाउन जॅकेटाबद्दल वाद घालता येईल: नवी मागणी निर्माण होत नाही हे खरे, अनुमोदनाचा अंश राहतो हेही खरे. सुदैवाने हा पेच सोडवणे कठीण नाही. डाउन ओले झाले की त्याचा फुगवटा बसतो आणि ऊब जाते. कृत्रिम तंतूंचे भरण ओले झाले तरी बरीच ऊब धरते. दिवसभर पडत राहणाऱ्या नवशिक्याला तेच अधिक उपयोगी, शिवाय स्वस्त.

लोकरीबद्दल मतभेद आहेत. श्वेतांबर साधूंचा ओघा, म्हणजे पिच्छीसारखी झाडणी, लोकरीचाच असतो, तेव्हा लोकर मुळातच निषिद्ध म्हणता येत नाही. मेंढी मारावी लागत नाही, पण आधुनिक मेंढीपालनातल्या क्रूर प्रथांबद्दल तक्रारी आहेत. चामडे मात्र कित्येक जैन घरांत वर्ज्य आहे, ज्या कोल्हापूरच्या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले त्या कोल्हापुरातही. चामड्याच्या हातमोज्यांना जलरोधक कापडी हातमोजे हा पुरेसा पर्याय आहे. विकत घेताना तळव्याला चामड्याचा तुकडा शिवलेला नाही ना, एवढे पाहावे. कृत्रिम कापडही निर्दोष नाही. ते खनिज तेलापासून बनते आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सांडपाण्यात उतरतात. कोल्हापुरात ते पाणी अखेर पंचगंगा नदीकडे जाते, आणि पंचगंगा आधीच सोसते आहे ते कमी नाही. पाणी गाळून पिणाऱ्या परंपरेने फ्लीस वारंवार न धुता वाळवून वापरावी, हे सुचवणे गैर होणार नाही.

पूर्ण निर्दोष कपडा मिळत नाही म्हणून विचार सोडून द्यावा, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो टिकत नाही. अणुव्रतांची मांडणीच मुळी पूर्णत्व अशक्य असल्याच्या जाणिवेतून झाली आहे. वस्त्रांवरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात शतकानुशतके वाद चालला: वस्त्र असताना मोक्ष मिळतो का, साधूचे वस्त्र उपकरण की परिग्रह? दोन्ही पक्षांचा एका गोष्टीवर मात्र कधीच वाद नव्हता, गृहस्थाने मर्यादा घालून घ्यावी यावर. अपरिग्रह जैनांपुरता नाही; पतंजलींच्या योगसूत्रांतही तो यमांमध्ये आहे. वस्तूवस्तूचा हिशेब इतक्या बारकाईने मांडला तो मात्र श्रावकाचार ग्रंथांनी.

सहल संपल्यावर उरलेल्या सामानाचे काय करायचे, याचाही रिवाज परंपरेत आहे. चातुर्मासानंतर पिच्छी-परिवर्तन होते तेव्हा मुनीची जुनी पिच्छी संयमाचा नियम घेणाऱ्या श्रावकाकडे जाते. ती कपाटात पडून राहत नाही. जॅकेट, थर्मल, गॉगल यांनी पुढच्या हिवाळ्यात जाणाऱ्या शेजाऱ्याकडे किंवा भाच्याकडे जावे, हा त्यातल्या त्यात चांगला वापर. पुन्हा जायचे नक्की झाल्याशिवाय स्की विकत घेऊ नये. नक्की झालेच, तर सर्वांत आधी स्वतःच्या पायाचे बूट घ्यावेत, स्की त्यानंतर. आणि तेही दुकानात अर्धा तास घालून, उभे राहून, गुडघे वाकवून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.